‘तीन महिन्यांची शुगर’ : तपासणी करावी कशी आणि आकडा वाचावा कसा

खान्देशात मधुमेहाला मधुमेह म्हणणारे थोडे. ‘शुगर’ हाच सर्वांच्या तोंडचा शब्द आहे, आणि एचबीए१सी या तपासणीलाही ‘तीन महिन्यांची शुगर’ याच नावाने ओळखतात. नाव सोपे आहे आणि बऱ्याच अंशी बरोबरही आहे. मात्र या तपासणीत रक्तातील साखर मुळात मोजलीच जात नाही, ही गोष्ट त्या नावामुळे झाकली जाते. मोजले जाते ते हिमोग्लोबिन, म्हणजे त्यातील किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटलेली आहे ते. त्यामुळे ज्याच्या तांबड्या पेशी किंवा हिमोग्लोबिन नेहमीसारखे नाही, त्याच्या कागदावरील आकडा यंत्राने अचूक काढलेला असूनही त्याच्या साखरेविषयी चुकीचे सांगू शकतो. ज्या भागात घरोघरी बायकांचे हिमोग्लोबिन कमी निघते आणि सातपुड्याच्या पायथ्याशी सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचे वाहक गावोगाव आढळतात, त्या भागात हा मुद्दा तळटीप म्हणून सोडून देता येत नाही.

आकड्यात काय दडलेले असते

रक्तात फिरणारी साखर तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते आणि एकदा पक्की चिकटली की ती पेशी नष्ट होईपर्यंत सुटत नाही. तांबड्या पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असते, म्हणून रक्ताच्या एका नमुन्यात काल जन्मलेल्या पेशीही असतात आणि चार महिन्यांपूर्वीच्याही. याचा अर्थ तिन्ही महिन्यांचा वाटा सारखा असतो असा मात्र नाही. आकड्याचा सुमारे अर्धा भाग शेवटच्या एका महिन्यातील साखरेने ठरतो, त्याआधीच्या महिन्याचा वाटा साधारण पाव असतो आणि उरलेला पाव त्याही मागच्या दोन महिन्यांचा असतो.

हे आपल्या वर्षात बसवून पाहावे. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणारी खान्देशातील मंडळी कित्येक दिवस चालत असतात आणि त्या दिवसांत त्यांची साखर सहसा उतरते. चैत्र पौर्णिमेनंतर अठराव्या तिथीला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते, आणि मग पुरणाचे मांडे, आमरस, सांजोऱ्या असे दिवस सुरू होतात, जे एका दिवसात कधीच संपत नाहीत. आखाजीनंतर महिन्याभराने रक्त दिले, तर त्या आकड्यात मांड्यांचा वाटा मोठा आणि पायी वारीचा लहान असतो. तपासणीच्या आधी चार दिवस गूळ घातलेला चहा सोडून आकडा खाली आणण्याची युक्ती अनेक जण करतात. तिचा उपाशीपोटीच्या साखरेवर थोडाफार परिणाम होईल, पण या तपासणीवर जवळजवळ होत नाही.

मधुमेही व्यक्तींच्या रक्तातील हे वेगळे हिमोग्लोबिन १९६०च्या दशकाच्या अखेरीस इराणमधील सॅम्युअल रहबर यांच्या नजरेस आले, आणि १९७६मध्ये त्याचा उपयोग साखरेच्या दीर्घकालीन नियंत्रणाचे माप म्हणून करता येईल, असे अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. या आकड्याला आजचे वजन आले ते पुढच्या दोन मोठ्या अभ्यासांमुळे. अमेरिका आणि कॅनडात झालेला पहिला अभ्यास १९९३मध्ये आणि ब्रिटनमधील दुसरा १९९८मध्ये प्रसिद्ध झाला. आकडा खाली आणला की डोळे, मूत्रपिंड आणि नसा यांचे नुकसान कमी होते, हे दोन्हींमधून दिसून आले.

रक्त देण्यासाठी जाताना

केवळ एचबीए१सी करायची असेल तर उपाशी राहण्याची गरज नाही. दिवसाच्या कोणत्याही वेळी, जेवणाआधी किंवा जेवणानंतर रक्त दिले तरी चालते. तरीही बहुतेक जण सकाळी उपाशीपोटीच लॅबमध्ये जातात, कारण सोबत उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही मोजायची असते, आणि तिघींचे एकत्र वाचन उपयोगाचे असल्याने ही सवय चांगलीच आहे. उपाशीपोटीच्या तपासणीपूर्वी किमान आठ तास पाण्याखेरीज काहीही घेऊ नये. बिनसाखरेचा चहासुद्धा नको. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजावेत, हात धुतल्यापासून नव्हे. त्या जेवणात घरी रोज जे असते तेच असावे. भाकरी, भाजी, वरण खाणाऱ्या माणसाने लॅबसमोरच्या गाडीवर शेव-पोहे खाऊन रक्त दिले, तर तो आकडा पोह्यांचा असतो, त्या माणसाच्या रोजच्या जेवणाचा नसतो.

गोळ्यांबाबत एक चुकीची समजूत फार पसरलेली आहे. ‘मूळ शुगर किती आहे ते कळावे’ म्हणून तपासणीच्या आदल्या दिवसापासून लोक गोळ्या बंद करतात. उपचार चालू असताना तपासणी केली जाते ती औषध पुरते की नाही हे पाहण्यासाठी, त्यामुळे आदल्या दिवशीच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्याव्यात. सकाळची गोळी किंवा इन्शुलिन मात्र उपाशीपोटीचे रक्त दिल्यावर, जेवणासोबत घ्यायचे की कसे, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. उपाशी अवस्थेत औषध घेऊन लॅबच्या रांगेत बसणे धोक्याचे ठरू शकते.

रक्त काढताना नळ्यांकडे लक्ष द्यावे. एचबीए१सीसाठी जांभळ्या झाकणाची नळी वापरतात आणि साखरेसाठी राखाडी झाकणाची. साध्या नळीत तसेच ठेवलेले रक्त आपल्यातलीच साखर खात राहते आणि खोलीच्या तापमानाला दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते; राखाडी नळीतील रसायन ही घट रोखते, पण त्यालाही पूर्ण काम करायला थोडा वेळ लागतो. यावल, रावेर किंवा चोपड्याच्या एखाद्या गावी घेतलेले रक्त मोटारसायकलवरून शहरातील लॅबपर्यंत जात असेल आणि वैशाखात भुसावळचा पारा ४५च्या आसपास असेल, तर नमुना बर्फाच्या डब्यातून नेला जातो का, हे विचारण्यात काहीही संकोच नको. या बाबतीत एचबीए१सी बरीच दणकट आहे. २ ते ८ अंश तापमानात ठेवलेला नमुना आठवडाभर टिकतो. पण तापलेल्या डिकीत पडून राहिलेल्या नळीची हमी कोणीच देऊ शकत नाही.

रिपोर्टवरील ओळी

आकडा टक्क्यांत असतो. ५.७पेक्षा कमी असल्यास तो सामान्य समजला जातो, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि ६.५ किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह. मात्र लक्षणे नसतील तर एका रिपोर्टवर निदान पक्के करत नाहीत. तपासणी पुन्हा करतात किंवा उपाशीपोटीच्या साखरेने त्याला दुजोरा घेतात, जिची निदानाची रेषा १२६ मिलिग्रॅम आहे. काही रिपोर्टांवर टक्क्यांशेजारी ४८, ५३ असे मोठे आकडेही छापलेले असतात. ते पाहून घाबरू नये; ६.५ टक्के म्हणजे ४८ आणि ७ टक्के म्हणजे ५३, अशी ती दुसऱ्या एककातील तीच नोंद असते.

ज्यांना मधुमेह आहेच, अशा बहुतेक प्रौढांसाठी ७पेक्षा कमी हे उद्दिष्ट ठेवले जाते. पण ते सर्वांना सरसकट लावू नये. पंच्याहत्तरीच्या, हृदयविकार असलेल्या, एकट्या राहणाऱ्या आजोबांसाठी ८पर्यंतचा आकडाही डॉक्टर मान्य करतात, कारण त्या वयात साखर एकदम उतरून पडणे हे थोड्या वाढलेल्या साखरेपेक्षा लवकर घात करते. म्हणून शेजाऱ्याचा ६.४ पाहून आपल्या गोळ्या वाढवून मागू नयेत.

आणखी एक गोष्ट रिपोर्टवर ठळक छापलेली नसते. चांगल्या लॅबमध्येही या तपासणीत थोडा फरक पडतोच, आज ७.१ आलेला नमुना उद्या ६.९ किंवा ७.३ येऊ शकतो. त्यामुळे ७.२वरून ७.०वर आल्याचा आनंद आणि ७.०वरून ७.२ झाल्याची धास्ती, दोन्ही अनाठायी आहेत. अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडला, तोही त्याच लॅबमध्ये आणि त्याच पद्धतीने, तर काही बदलले आहे असे मानावे. दर वेळी सवलतीची जाहिरात पाहून लॅब बदलणाऱ्यांना हा फरक कधी कळतच नाही.

आकडा आणि वही समोरासमोर ठेवणे

या लेखातील एकच गोष्ट कोणी करणार असेल, तर ती ही करावी. एचबीए१सीचे रूपांतर सरासरी साखरेत करता येते. आकड्याला २८.७ने गुणून त्यातून ४६.७ वजा करायचे. तोंडी हिशोब याहून सोपा आहे : ६ टक्क्यांना १२६ मिलिग्रॅम धरावे आणि पुढच्या प्रत्येक एका टक्क्याला सुमारे २९ वाढवावेत. म्हणजे ७ला १५४, ८ला १८३, ९ला २१२ आणि १०ला २४०. अनेक लॅब ही सरासरी रिपोर्टवरच छापतात. आता ही सरासरी घरच्या ग्लुकोमीटरच्या वहीशेजारी ठेवावी. दोन्ही साधारण जुळत असतील तर आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. जुळत नसतील तर औषध बदलण्याआधी कारण शोधावे.

समजा, रिपोर्टमध्ये ९ टक्के आले, म्हणजे सरासरी २१२, आणि वहीत मात्र एकही नोंद १५०च्या वर नाही. पहिली शंका वहीवरच घ्यावी. बहुतेक घरांत साखर पाहिली जाते ती सकाळी उठल्याउठल्या, जेव्हा अनेकांची ती दिवसभरातील कमी पातळीवर असते; दुपारच्या जेवणानंतर किंवा रात्री वरण-बट्टी खाल्ल्यावर ती कुठे गेली होती, याची नोंदच नसते. म्हणून तपासणीच्या आधीच्या पंधरवड्यात वेळा बदलून, एक दिवस जेवणाआधी, एक दिवस जेवणानंतर दोन तासांनी, एक दिवस झोपताना, अशा नोंदी घ्याव्यात. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. केळी सोलून किंवा आंबा चोखून तशाच हाताने थेंब काढला, तर यंत्र बोटावरच्या रसाची साखर मोजते आणि आकडा उगाच फुगतो. केळीच्या मुलखात ही चूक रोज कुठे ना कुठे होत असणार. पट्ट्यांची डबी घट्ट बंद करून थंड जागी ठेवावी; बहुतेक पट्ट्यांसाठी ३० अंशांची मर्यादा डबीवरच छापलेली असते आणि पत्र्याच्या घरातील उन्हाळा ती सहज ओलांडतो.

वही नीट असूनही मेळ बसत नसेल, तर दुसरी शंका रक्तावर घ्यावी. लोह कमी असल्यामुळे झालेल्या ॲनिमियात एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, आणि ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही तसेच घडते. मासिक पाळीत जास्त रक्तस्राव होणारी, हिमोग्लोबिन ८ असलेली एखादी चाळिशीतील बाई ६.८ आकड्यामुळे मधुमेही ठरवली जाते, आणि लोहाच्या गोळ्या काही महिने घेतल्यावर तिचा आकडा मधुमेहाच्या रेषेखाली येतो, असे होऊ शकते. तिने या काळात साखरेसाठी काहीही केलेले नसते. यासाठी पहिल्या एचबीए१सीबरोबर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी, करून घ्यावीच. मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये ब-१२ कमी होत जाते, त्यामुळे त्यांनी अधूनमधून तीही पातळी पाहावी. पायांना मुंग्या येत असतील तर विशेष करून, कारण तेच लक्षण मधुमेहाचेही असते आणि दोष चुकीच्या धन्याच्या माथी मारला जातो.

उलटही घडते, आणि ते अधिक घातक आहे. तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असतील, तर त्यांना साखर चिकटवून घ्यायला पुरेसा वेळच मिळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. अपघातात किंवा बाळंतपणात बराच रक्तस्राव झालेला असणे, अलीकडे रक्त चढवलेले असणे, पेशी फोडणारा मलेरिया होऊन गेलेला असणे, मूत्रपिंडाच्या विकारात डायलिसिस आणि रक्तवाढीची इंजेक्शने चालू असणे, या सर्व अवस्थांमध्ये ६.२ हा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. रक्त चढवल्यानंतर किमान तीन महिने तरी या आकड्याला फारसे महत्त्व देऊ नये.

तिसरी शंका सरासरी या कल्पनेवरच घ्यायची असते. दिवसभर १३० ते १८०मध्ये राहणाऱ्या माणसाची आणि पहाटे ५५ व जेवणानंतर २८० अशी हेलकावे खाणाऱ्या माणसाची सरासरी सारखीच निघू शकते, आणि दोघांच्याही कागदावर ७ येतो. पहाटे घामाने अंग भिजून जाग येणे, हात थरथरणे, अचानक चिडचिड होणे असे घडत असेल, तर आकडा कितीही सुरेख असला तरी डॉक्टरांना ते सांगितलेच पाहिजे. ७०च्या खाली गेलेली साखर ही तक्रार आहे, नियंत्रणाचे प्रशस्तिपत्र नव्हे.

सातपुड्याच्या पट्ट्यासाठी वेगळी सूचना

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या भागांत आणि धुळे-जळगावच्या सातपुड्यालगतच्या तालुक्यांत भिल्ल, पावरा अशा आदिवासी समाजांमध्ये सिकलसेलचा दोष आढळतो. ज्याला दोन्ही पालकांकडून हा दोष आला आहे, त्याच्या रक्तात एचबीए१सी बनण्यासाठी लागणारे नेहमीचे हिमोग्लोबिन जवळजवळ नसते आणि त्याच्या पेशीही लवकर फुटतात. अशा व्यक्तीची एचबीए१सी करूच नये; जो आकडा येईल त्याला अर्थ नसतो. जो केवळ वाहक आहे, त्याच्या पेशी सामान्य आयुष्य जगतात, त्यामुळे त्याची तपासणी करता येते. मात्र काही यंत्रांची मोजणी बदललेल्या हिमोग्लोबिनमुळे चुकते आणि काहींची चुकत नाही. म्हणून रक्त देतानाच ‘मी सिकलसेलचा वाहक आहे’ असे सांगावे आणि या दोषाने न बिघडणाऱ्या पद्धतीने तपासणी करावी, असे लॅबला स्पष्ट सांगावे.

आपण वाहक आहोत की नाही, हेच अनेकांना माहीत नसते. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३मध्ये सुरू झाली असून तिच्यात तपासणी झालेल्यांना त्यांच्या स्थितीचे कार्ड देण्यात येते. ते कार्ड मधुमेहाच्या फाइलीतच लावून ठेवावे. कार्ड नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी. लॅबने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी पद्धत वापरली असेल, तर रिपोर्टसोबत येणारा आलेखही मागून घ्यावा, कारण वेगळे हिमोग्लोबिन असल्यास त्यात बहुधा वेगळे शिखर दिसते आणि कित्येकांना आपण वाहक असल्याचे प्रथम तेथेच कळते. थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक दोषाचे वाहक असलेल्यांनाही यातील बरेच लागू आहे. जळगाव-धुळ्यातील सिंधी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे, कारण त्या समाजात असे वाहक तुलनेने अधिक असतात.

हा आकडा चालत नसेल तेव्हा

अशा व्यक्तींसाठी फ्रुक्टोसामाइन ही तपासणी उपयोगी पडते. ती हिमोग्लोबिनऐवजी रक्तद्रवातील प्रथिनांना चिकटलेली साखर मोजते आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशोब देते. लघवीतून प्रथिने जात असतील किंवा यकृताचा विकार असेल, तर तिचाही भरवसा राहत नाही. ती लहान गावी होत नाही. नमुना बाहेर पाठवावा लागतो, त्यामुळे रिपोर्टला लागणारे दिवस आधीच विचारून घ्यावेत. दंडावर चिकटवून दिवसरात्र साखर नोंदवणारा सेन्सरही मिळतो. तो महाग आहे, पण मेळच लागत नसेल तर दोन आठवड्यांसाठी एकदा लावून पाहणे फायद्याचे ठरते. साखर ७० ते १८०च्या दरम्यान ७० टक्क्यांहून अधिक वेळ राहणे, हे त्याचे सर्वसाधारण उद्दिष्ट आहे. गरोदर स्त्रियांच्या बाबतीत एचबीए१सीवर विसंबू नये. त्यांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजतात आणि १४० किंवा त्याहून अधिक आल्यास पुढील उपचार सुरू होतात.

वर्षातून किती वेळा, आणि केव्हा

आकडा उद्दिष्टात असेल आणि औषध बदललेले नसेल, तर वर्षातून दोनदा तपासणी पुरते. औषध बदलले असेल किंवा आकडा वर असेल, तर दर तीन महिन्यांनी करावी. दर महिन्याला करण्यात पैसे वाया जातात, कारण जुन्या पेशींची आठवण अजून पुसलेली नसते. वर्षातून एकदा त्याच भेटीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), चरबीची तपासणी आणि लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरही पाहावे. हे गुणोत्तर ३०च्या वर जाऊ लागले, तर मूत्रपिंडाच्या त्रासाची सूचना क्रिएटिनिन वाढण्याच्या बरीच आधी मिळते.

दोनच तपासण्या करायच्या असतील, तर त्यांचे महिने ठरवून टाकावेत. एक ज्येष्ठात, म्हणजे आखाजी आणि आमरस होऊन गेल्यावर, आणि दुसरी मार्गशीर्षात, दिवाळीचा फराळ मागे पडल्यावर केली, तर वर्षातील दोन्ही अवघड काळांची नोंद राहते आणि पुढल्या वर्षीच्या ज्येष्ठाची तुलना याच ज्येष्ठाशी करता येते. रिपोर्टच्या मागे त्याच दिवशी तीन ओळी लिहून ठेवाव्यात : त्या वेळी कोणत्या गोळ्या चालू होत्या, हिमोग्लोबिन किती होते, आणि मागच्या तीन महिन्यांत आजारपण, रक्तस्राव किंवा रक्त चढवणे असे काही घडले होते का. डॉक्टर बदलले किंवा धुळ्याला, नाशिकला मोठ्या रुग्णालयात जावे लागले, तर समोरच्याला त्या आकड्याइतक्याच या तीन ओळीही लागतात.